सड्यावरची कोरी जागा

सरांच्या घरात डावं आणि उजवं हे शब्द चालत नसत. तिथे फक्त दिशा होत्या. साखरेचा डबा चहाच्या डब्याच्या ईशान्येला असे, चष्मा उशीच्या दक्षिणेला सापडे, आणि मीठ वाढायचं ते पानाच्या वायव्येला. सर कधी भिंतीकडे तोंड करून जेवायला बसत, कधी दाराकडे, त्यामुळे वायव्य दर वेळी पानाच्या वेगळ्या कोपऱ्यात जाई. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, वैतागत. "तुमी फिरान बसलात काय माझां मीठ फिरता. माका जमाचां नाय. वाढलंय थंय खावा." सर मुकाट्याने जेवायला लागत. पण जेवता जेवता पान हळूच फिरवून मीठ वायव्येला आणून ठेवत.

दिवाळीनंतर सर गेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. रोज थोडं लिहिते आणि थांबते. सरांविषयी लिहिताना घाई करायची मला भीती वाटते, कारण त्यांना अंदाजाने लिहिलेलं काहीही आवडत नसे.

मी मूळची वालावलची. मालवणच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा रोज दोन एसट्या बदलून यायची. सर भूगोल शिकवायचे. एक दिवस शिक्षकखोलीत ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, आमच्या घराची पश्चिमेची खोली रिकामी आहे. समुद्राचा वारा येतो, आवाज येत नाही." एवढंच सांगून ते तासाला निघून गेले. भाडं, पाणी, जेवणखाण यातलं काही बोलले नाहीत. ते सगळं नंतर काकींनी ठरवलं. वारा येतो आणि आवाज येत नाही, हे दोन्ही मात्र खरं निघालं. त्या खोलीत मी राहिले ती राहिलेच.

शाळेत सरांची एक गोष्ट प्रसिद्ध होती. नकाशा भरण्याच्या प्रश्नात ज्याने देवगड भलतीकडे दाखवलं त्याला शून्य. पण ज्याने देवगडची जागा कोरी ठेवून शेजारी 'माहीत नाही' असं लिहिलं, त्याला अर्धा गुण. मुख्याध्यापकांपर्यंत हे गेलं. त्यांनी सरांना बोलावलं, तेव्हा मी काही कागद घेऊन तिथेच उभी होते.

"अहो सर, न लिहिण्याला गुण कसले देता?"

"न लिहिण्याला नाही. खोटं न लिहिण्याला."

"बोर्डात चालेल का हे?"

"बोर्डात नाही चालणार. समुद्रात चालेल. खडक चुकीच्या जागी दाखवलेला नकाशा ज्याच्याकडे आहे तो होडीचा तांडेल झोपतो. कोरा कागद असलेला जागा राहतो."

मुख्याध्यापक हसले आणि त्यांनी विषय सोडून दिला. त्या वर्षी एका मुलाने अख्खा महाराष्ट्र कोरा ठेवून जागोजागी 'माहीत नाही' लिहिलं. सरांनी त्याला ठरलेले सगळे अर्धे गुण दिले आणि पुढचा महिनाभर शाळा सुटल्यावर भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं.

काकींचा भाऊ मालवाहू बोटीवर होता. सुट्टीवर येताना तो बायकांना साबण आणि अत्तरं आणायचा, पुरुषांना घड्याळं. सरांनी एकदा त्याला सांगितलं, "माका सुक्या मुलखाचो नकाशो हाड. जुनो मिळालो तर बरो."

"नकाशो?" तो म्हणाला. "भावजी, मी अमेरिकेक जातंय, तालुका कचेरीत नाय."

पण त्याने आणला. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेला, शंभर वर्षांहून जुना कागद. अमेरिकेच्या नैऋत्येच्या वाळवंटाचा, तिथल्या नवाहो आदिवासींच्या मुलखाचा. खेचरांवर टेबलं आणि दुर्बिणी लादून गेलेल्या मोजणीदारांनी तो बनवला होता. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा, आणि जिथे जमीन चिरत जाऊन खोल दऱ्या झाल्या होत्या तिथे त्या रेषा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की कागद जळल्यासारखा दिसे. पाऊस पडला तरच वाहणाऱ्या नद्या तुटक निळ्या रेषांनी काढलेल्या. आणि दऱ्यांच्या कुशीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, पुन्हा पुन्हा एकच इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ 'अवशेष'.

सुकाच मुलूख का हवा, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "आपल्याकडे झाडं पांघरूण घालतात. सुक्या जागी जमीन आपली हाडं दाखवते."

तो नकाशा पडवीतल्या टेबलावर काचेखाली गेला आणि त्या टेबलावर कुणी काही ठेवायचं बंद झालं. पावसाळ्यात काचेखाली दमट होऊ नये म्हणून तो काढून चुलीवर टांगलेल्या मांडवीला, सुकत ठेवलेल्या कोकमाच्या सोलांच्या शेजारी लटकवला जाई. काकी भेटेल त्याला सांगत, "माका सवत मिळाली ती पण कागदाची. तिका धूर लागता म्हणान मी भाकरी जपान भाजतंय."

आणि मग सरांचा प्रवास सुरू झाला. काचेवर त्यांनी एक चिंचोका ठेवला. रोज संध्याकाळी चहा झाला की ते टेबलापाशी बसून तो चिंचोका पुढे सरकवत, पण खेचर एका दिवसात जाईल तेवढाच. रेषा विरळ असल्या तर बोटभर. रेषा दाटल्या की केसभर. एकदा एका दरीत उतरायला चिंचोक्याला जवळजवळ आठवडा लागला. मुक्काम करायचा तो फक्त पाण्याशी. जवळपास झरा दाखवलेला नसला तर सर खरोखरच अस्वस्थ होत.

"आज खंय मुक्काम?" काकी स्वयंपाकघरातून विचारत.

"आज पाणी मिळालां नाय."

मग काकी तांब्या आणून त्यांच्या पुढ्यात आदळत. "ह्या घेवा. खेचराक पण पाजा."

मला सुरुवातीला हसू येई. नंतर लक्षात आलं की चिंचोका त्या 'अवशेष' लिहिलेल्या जागांवर कधीच जात नाही. जवळ जातो, वळसा घालतो, पुढे जातो. मी कारण विचारलं तेव्हा सर बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "ती कपारीतली घरं फार जुन्या लोकांची. ते लोक सोडून गेले. नंतर तिथे राहणारे नवाहो त्या घरांत पाय ठेवत नसत, ती मेलेल्यांची जागा मानत. शेजारी राहायचं, पण शिरायचं नाही. मोजणीदार आले, त्यांनी नकाशावर खूण केली. खूण बघून खणणारे आले. गाडगी गेली, हाडंसुद्धा गेली."

"पण सर, नकाशा करणाऱ्यांचा त्यात काय दोष?"

"कामात काही दोष नाही. बघा ना, एक रेष चुकलेली नाही. फक्त, खूण करण्याआधी त्यांनी कुणाला विचारलं होतं का, हे नकाशावर लिहिलेलं नाही."

निवृत्त झाल्यावर सरांनी सड्याचा नकाशा काढायला घेतला. मालवणपासून तासाभरावर एक गाव आहे, त्याच्या डोक्यावर मैल-दीड मैल पसरलेला कातळाचा सडा. पावसात तिथे गवत आणि बारीक फुलं येतात. एप्रिलात तेच वाळवंट होतं, पाय ठेववत नाही. शाळेच्या अडगळीतलं जुनं मोजणीचं टेबल सरांनी दुरुस्त करून घेतलं. तीन पायांवर सपाट फळी, फळीवर कागद, आणि दोन्ही टोकांना फटी असलेली एक पितळी पट्टी. फटीतून लांबच्या काठीवर नजर लावायची आणि पट्टीच्या कडेने रेष ओढायची. उंची मोजायला गवंड्याकडून आणलेली पाण्याची नळी. आणि लांब काठी धरायला मी. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी वाऱ्यात लाल फडकं बांधलेला बांबू धरून उभी राही आणि दुरून सर ओरडत, "बाई, काठी सरळ! पूर्वेला कलतेय!"

मुंबईहून आलेला त्यांचा पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं फोनवर आहे." त्याने दाखवलंही. सरांनी चष्मा वर करून फोन नीट बघितला. "चांगलां आसा," ते म्हणाले. "पण ता वरसून बघता. वरसून सगळोच सडो सपाट." आणि बांबू उचलून माझ्या हातात दिला.

त्यांचा एक नियम होता. जिथे आपला पाय लागला नाही तिथे शाई लावायची नाही. समोर स्वच्छ दिसणारा उंचवटासुद्धा, त्याच्यावर जाऊन उभे राहिल्याखेरीज ते कागदावर घेत नसत. त्यामुळे काम मुंगीच्या पावलांनी चाले. वर्षं गेली. कागदावर सडा हळूहळू उगवत होता.

मधोमध ती चित्रं होती. कातळात कोरलेली. दोन पुरुष उंचीचा एक माणूस, त्याच्या बाजूला मासे, एक मोठी वाघळी, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा, पावलं, आणि एक चौकोन, ज्याच्यात रेषा एकमेकींत शिरत जातात आणि बाहेर यायची वाट सापडत नाही. गावात म्हणतात, पांडवांनी काढली. कुणी काढली ते कुणालाच माहीत नाही. गवत कापायला जाणाऱ्या बायका तिथे वहाणा काढून जातात आणि कापणीच्या आधी गावाचा नारळ तिथे ठेवला जातो. आम्हाला ती जागा गावकरांनी दाखवली. गावकर म्हणजे त्या गावचे मुख्य मानकरी. उंच, सुकलेले, खांद्यावर कायम पंचा.

"बगा, खुशाल बगा," ते म्हणाले. "पण मास्तरांनू, हां कागदावर घालू नका."

"कित्याक?"

"कागद खंय खंय जाता. मगे लोक येतत. आमच्या लोकांका हयसर पायात चप्पल नको. येतले ते बूट घालून नाचतले."

दुसरा कुणी असता तर त्याने वाद घातला असता, किंवा मान डोलावून घरी जाऊन खूण केली असती. सर म्हणाले, "बरां. देवाक इचारूया."

गावकर आणि मी दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. सर देवळात जाणारे नव्हते. काकींच्या सत्यनारायणालाही ते फक्त शिऱ्यापुरते येत.

गावच्या देवळात कौल लावायची रीत आहे. गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघतात. देवाच्या उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. सर धुतलेलं धोतर नेसून आले होते. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो मास्तर तुझ्या पायाकडे इलो आसा. तुझ्या सड्यावरची जागा तेका कागदावर काढूची आसा. तुझी खुशी आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागून सगळे म्हणाले. सरांचाही आवाज त्यात होता.

थोड्याच वेळात पाकळी पडली. डावीकडची.

देवळाच्या पायऱ्या उतरताना सर स्वतःशीच म्हणाले, "देवाचं तोंड पूर्वेला आहे. म्हणजे पाकळी उत्तरेची पडली." आणि त्या संध्याकाळी घरी त्यांनी सड्याच्या नकाशाच्या मधोमध पेन्सिलने एक वेडावाकडा आकार आखला, बाहेरून येणाऱ्या सगळ्या रेषा त्याच्या काठावर थांबवल्या, आणि आत काही काढलं नाही.

यावरून त्यांची चेष्टा झाली. शाळेतले जुने सहकारी भेटले की म्हणत, "काय सर, पाकळीने हरवलं ना?" एका कॉलेजचे प्राध्यापक मुद्दाम नकाशा बघायला आले आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नाही यात." सरांनी त्यांना चहा दिला, आणि त्यांच्या मोटरसायकलपर्यंत पोचवायला गेले. मीही एकदा रागावले. म्हटलं, "सर, तुमचा तरी विश्वास आहे का कौलावर?"

"माझा विश्वास विचारण्यावर आहे," ते म्हणाले. "आणि विचारून झाल्यावर उत्तर आपल्याला नको होतं ते आलं, म्हणून ऐकायचं नाही, हे न विचारण्यापेक्षा वाईट." मग म्हणाले, "कोऱ्या जागेला अर्धा गुण आहे, बाई."

पुढे त्यांना दम लागायला लागला. आधी सड्याची घाटी चढताना, मग घराची पायरी चढताना. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय. टेबल आणि बांबू पडवीच्या कोपऱ्यात उभे राहिले. नकाशा पुरा झाला होता, मधली जागा सोडून. सर पुन्हा चिंचोक्याकडे वळले.

आणि त्याच सुमाराला सड्याच्या पलीकडच्या अंगाला चिऱ्याची खाण सुरू झाली. गोल पात्याचं मशीन दिवसभर किंचाळायचं. लाल धूळ वाऱ्यावर गावात उतरायची. जांभ्याचे चिरे ट्रकात भरून जात आणि सड्याची कड दर आठवड्याला थोडी आत येई. पाहणीला सरकारी साहेब आले तेव्हा गावकर त्यांना म्हणाले, पुढे पांडवांची चित्रं आहेत. साहेबांनी आपला नकाशा उघडला. त्यावर सगळा सडा म्हणजे एक पांढरा तुकडा होता आणि त्यावर लिहिलं होतं, खडकाळ पडीक. "कुठे आहेत? दाखवा यात," साहेब म्हणाले.

गावकर दुसऱ्याच दिवशी मालवणला आले. पडवीत टेकले, पंचाने तोंड पुसलं आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी काकीच म्हणाल्या, "गावकारांनू, आंबे बरे आसत, पाऊस बरो आसा. आता काय ता सांगा."

"मास्तरांनू," गावकर म्हणाले, "घाला ता कागदावर."

सर खुर्चीत उशीला टेकून बसले होते. एकेक वाक्य दोन श्वासांत म्हणत होते. "माका सांगा नको. देवाक सांगा."

"देवान तेवा नाय म्हणान सांगल्यान."

"तेवा माझ्यासाठी इचारलेलां. नकाशो माझो होतो. नाय म्हणालो, बरां केल्यान. आता इचारूचां आसा ता तुमी, तुमच्यासाठी. काय झालां ता तेका सांगा."

"आणि परत डावोच पडलो तर?"

मला तो क्षण स्पष्ट आठवतो. खाण पुढे सरकेल, चित्रं जातील, इतक्या वर्षांचा नकाशा मधे भोक पडलेला राहील, आणि तरी हा माणूस पेन उचलणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काकी उठून आत गेल्या आणि आत भांडी उगीचच वाजत राहिली.

कौलाच्या दिवशी सरांना रिक्षातून नेलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. सभामंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसले. सगळा गाव जमला होता. गावकरांचा आवाज या वेळी वेगळा होता.

"बा देवा म्हाराजा! आधी ह्या मास्तरासाठी इचारलेलां. आता आमी इचारतव, तुझी रयत. तुझ्या सड्यार मशीन इला आसा. तुझी जागा कागदावर नाय म्हणान ती नायच आसा असां लोक म्हणतत. ती दाखवूची काय नको, ता तूच सांग रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पाकळ्या हलल्या नाहीत. वेळ गेला. गुरवाने पाणी शिंपडलं. परत गाऱ्हाणं. दोन्ही पाकळ्या पाषाणाला चिकटून होत्या, जणू काही कोरलेल्या. उन्हं मंडपातून बाहेर सरकली. लहान मुलं कंटाळून रडायला लागली. मागून एक तरुण हळूच म्हणाला, "पंखो लावा रे, लगेच पडात."

"तुझ्या बापाशीक लाव पंखो!" गुरव वळून ओरडला आणि सगळा मंडप हसला. सरसुद्धा हसले, आणि हसताना त्यांना इतका ठसका लागला की काकी पाणी घेऊन धावल्या. त्या गडबडीत पाकळी पडलेली कुणी बघितलीच नाही. बघितली ती फक्त गुरवाने. त्याने हात वर केला. मंडप गप्प झाला. मग एकदम गलका. काकींच्या हातातला पेला तसाच राहिला.

सर माझ्याकडे वाकून म्हणाले, "दक्षिणेची."

सड्यावर त्यांना खुर्चीत बसवूनच न्यावं लागलं. गावातली चार मुलं खुर्ची धरून, मी पुढे टेबल घेऊन. सकाळची वेळ होती, ऊन पाठीवर होतं. सर खुर्चीतून वाट सांगत होते. "नैऋत्येक! नैऋत्येक वळा! खंय चललात?"

मुलं थांबली. एकजण घाम पुसत म्हणाला, "मास्तरांनू, डावो काय उजवो ता सांगा. नायतर हयसरच ठेवतव तुमका."

सरांनी डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द येईना. मग फार हळू म्हणाले, "डाव्या हाताक."

ही गोष्ट मी संध्याकाळी काकींना सांगितली तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आयुष्यभर माका एकदा तरी सांगलेलो हेंनी डावो हात!"

चित्रांच्या अलीकडे सरांनी खुर्ची खाली ठेवायला लावली. वहाणा काढल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उठले आणि एकेक करत चित्रांच्या चारी अंगांना जाऊन उभे राहिले, कोरलेल्या भागावर पाय न ठेवता. दर ठिकाणी पाऊल नीट टेकवत होते. मधे बसत होते, श्वास घेत होते, पुन्हा उठत होते. मग टेबलापाशी आले. पट्टीतून नजर लावली. पेन्सिल कागदावर टेकवली आणि ती थरथरत एका जागी नुसतेच ठिपके काढत राहिली.

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"सर, तुमचा नियम."

"नियम पायाचा आहे," ते म्हणाले. "पाय लागला. हात तुमचा चालेल."

मी रेष ओढली. इतकी वर्षं काठी धरली होती, रेष कधी ओढली नव्हती. सर पट्टी फिरवत, मी ओढत असे. दुपारपर्यंत बाहेर थांबलेल्या सगळ्या रेषा आत आल्या आणि एकमेकींना मिळाल्या. मग प्रश्न आला तो नावाचा. खूण केली, पण लिहायचं काय? मी म्हटलं, "कातळशिल्पं?" सरांनी मान हलवली. जवळच गवताचा भारा बांधणारी एक म्हातारी आमच्याकडे बघत उभी होती. सरांनी तिला विचारलं, "आये, तुमी हेका काय म्हणतात?"

"म्हणूचां काय? पांडवांचो मांड." मांड म्हणजे शिमग्याला गाव जिथे जमतो, नाचतो, ती जागा. म्हातारीला आमच्या अडाणीपणाचं नवल वाटलं असावं.

"तसांच लिहा," सर मला म्हणाले. "ती म्हणाली तसंच."

नकाशाची प्रत ग्रामसभेच्या ठरावासोबत कचेरीत गेली. पुढे काही आठवडे काही कळलं नाही. मशीन चालूच होतं. सर रोज विचारत, गावकरांचा फोन आला का. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली होती. एका पहाटे काकींनी चहा नेला तेव्हा सर गेलेले होते. पायाशी टेबलाची पितळी पट्टी होती. ती ते अलीकडे उशाशी घेऊन झोपत, आणि झोपेत ती सरकली असावी. काकी म्हणाल्या, "उत्तरेक गेली गो पट्टी." आणि मग त्यांना रडू आलं.

गावकरांचा फोन त्यानंतर आला. साहेब नकाशा हातात घेऊन सड्यावर आले होते. मोजून बघितलं, सगळं जिथल्या तिथे निघालं. मांड आणि त्याच्या चारी बाजूंची जागा खाणीतून वगळली. कडेने लाल रंगाचे दगड बसवलेत. "साहेबान बूट काढल्यान," गावकर म्हणाले. "मी सांगूच्या आधी." मग म्हणाले, "मास्तर वायच थांबाक होये होते."

मी पडवीत गेले. काकी टेबलाची काच पुसत होत्या. चिंचोका सरांनी शेवटच्या संध्याकाळी ठेवला त्याच जागी असेल असं मला वाटत होतं, पण तो बराच पुढे आलेला दिसला. त्याच म्हणाल्या, "थंय पाणी नव्हतां. दोन दिस तहानेन कसो रवात जीव? म्हणान झऱ्यार नेलंय."

मी त्यांना फोनबद्दल सांगितलं. मग त्यांनी कपाटावरून सड्याचा नकाशा काढला, अमेरिकेच्या नकाशाशेजारी काचेखाली सरकवला, आणि चिंचोका उचलून सड्याच्या घाटीच्या पायथ्याशी ठेवला. जिथून आम्ही चढायचो, तिथे.

"मांडार न्या ना काकी," मी म्हटलं. "आता कौल झालाय."

काकींनी चिंचोक्यावर नुसतं बोट टेकवलं, सरकवला नाही.

"आज नको गो," त्या म्हणाल्या. "चढ आसा. वायच दम खावंदे."